खात्रीकाका आणि रिकामं फोल्डर

खानावळीतून डबा आला की खात्रीकाका तो उघडून, भाजी डोळ्यांनी पाहून मगच बाजूला ठेवायचे. "भरवसा भाजीवर ठेवावा, डब्यावर नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खांदा कॉलनीतल्या त्यांच्या फोटो स्टुडिओत मी कामाला होते. त्यांचं खरं नाव बिलाशिवाय कुणी वाचलं नसेल.

संगणकावरही तोच सोस. कोड लिहायच्या एका जुनाट एडिटरात ते लिस्प नावाच्या संगणकभाषेत कोड लिहायचे. कंसात कंस, त्यात आणखी कंस. फाईलचं नाव दिलं की तो कोड 'आहे' किंवा 'नाही' सांगायचा. "काका, माऊसने उघडून बघा ना," म्हटलं की भडकायचे. "डोळे दमतात गं, कोड दमत नाही!"

विमानतळासाठी उलव्याकडचं एक गाव उठणार होतं. काकांनी आपल्या हौसेने तिथलं घरन्‌घर फोटोत धरलं, माणसांना ओट्यावर बसवून. त्यातल्या एका फोटोत तिथल्या यमुनाबाईंचे यजमान हसत बसले होते. पुढे घर पडलं आणि पाठोपाठ यजमानही गेले.

एका दुपारी यमुनाबाई यजमानांचा तो एकुलता एक फोटो मागायला आल्या. काकांनी त्या गावाचं फोल्डर शोधलं, तर ते जागेवर नव्हतं. दुसऱ्या डिस्कवर होतं, पण उघडलं तर आत काहीच नाही. डिस्कवर जागा करायला काकांनीच कोडला सांगितलं होतं: दुसऱ्या डिस्कवर या नावाचं काही असेल, तर इथलं पुसून टाक. तिथली कॉपी सुरुवातीलाच अडकली होती. नुसतं फोल्डर तयार झालं होतं आणि कोडने इमानदारीत 'आहे' म्हटलं होतं. अख्खं गाव गेलं!

"हाय ना, भाऊ?" यमुनाबाईंनी विचारलं.

"नाही, वहिनी. माझ्याच हातून पुसला गेला."

"आसं कसं? तुमी तर सगलं बघून करता!"

त्यानंतर काकांनी तो एडिटर पुन्हा उघडला नाही. डबा मात्र रोज उघडून बघत राहिले, पण जेवण निम्मं तसंच परत जायचं.

त्याच वर्षी एका सकाळी काका खुर्चीतच गेले. मला ते कितीतरी दिवस खरंच वाटेना. हार घालायला फोटो हवा म्हणून मी स्टुडिओतलं एकेक फोल्डर उघडलं, एकेक फोटो डोळ्यांनी पाहिला. हजारो माणसं होती, पण कॅमेऱ्यामागचे काका कुठेच नव्हते.

भेटायला आलेल्या यमुनाबाईंनी रिकाम्या भिंतीकडे पाहिलं.

"फोटू नाय?"

मी मान हलवली. त्या माझ्याशेजारी बसल्या.

"मंग आता आपन दोघी सारक्याच, बाय."