टाकीतला गंज

काल धाराशिवच्या एका गॅरेजात जुन्या जीपची डिझेलची टाकी धुवायला काढली होती. गंजाचा आणि शिळ्या डिझेलचा तो वास आला आणि मला तेर गावातलं आमचं अंगण आठवलं.

माझा थोरला भाऊ काविळीनं गेल्यावर त्याची जीप दोन वर्षं गोठ्याशेजारी उभी होती. आबा, म्हणजे माझे वडील, तिला कुणालाच हात लावू देत नव्हते. एके सकाळी वहिनी म्हणाली, "आबा, जीप नीट करा. म्या चालवायला शिकते. शाळेची लेकरं नेत जाईन."

दुपारी आबांनी जीपची टाकी खोलून काढली. तेरणा नदीतले बारीक खडे आणि रॉकेल आत घातलं. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. टाकी हलवली की खड्यांचा कान फाटेल असा आवाज व्हायचा. ओतलं की विटकरी चिखल बाहेर यायचा. होता होता स्वच्छ रॉकेल पडायला लागलं.

"आबा, निघाला की गंज. बास आता."

"अजून थोडं हलव."

माझे हात भरून आले होते. मी चिडून टोक सोडलं. आवाज थांबला आणि आबांचा हुंदका ऐकू आला. भाऊ गेला त्या दिवशीसुद्धा ते रडले नव्हते.

वहिनी स्वयंपाकघरातून आली. तिनं मी सोडलेलं टोक धरलं आणि जोरजोरात टाकी हलवायला लागली. आबांचं रडणं शेजारी कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, हे मला आता कळतं. तेव्हा मी बाजूला उभी राहून हात चोळत होते.