तिसऱ्या मजल्यावरचं घर

वीसेक वर्षांपूर्वी चेन्नईत साहेबांनी मला संध्याकाळच्या रशियन वर्गात ढकललं, कारण आमच्या कारखान्यातली यंत्रं रशियन होती. दिवसभर राबून पुन्हा बाकावर बसायचा वैताग यायचा. शेजारी शहरातल्याच वेस्ट मांबलम भागात राहणारे एक साठीचे गृहस्थ बसत. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातून कामाच्या शर्टातच येत, नळावर तोंड धुवत आणि रशियन शब्द तमिळ अक्षरांत उतरवत. पेंग आली की स्वतःचाच कान पिळत.

एकदा बाईंनी प्रत्येकाला आपल्या घराचं वर्णन करायला सांगितलं. मी दार, खिडकी, टेबल एवढ्यावर उरकलं. ते मात्र उभे राहून सांगत सुटले: तिसरा मजला, दुहेरी काचांच्या खिडक्या, बाहेर बर्फ.

जिन्यात मी विचारलं, "वेस्ट मांबलमला बर्फ कुठला हो?"

"मुलाचें घर तें, रशियांतलें. फोटोंत पाहिलें," ते आपल्या तंजावरी मराठीत म्हणाले. "सुनेस तीच भाषा येते. गेलों तर मुक्यासारखें बसावयास नको."

"कधी निघताय?"

"बोलाविलें नाहीं अजून." त्यांनी वही पिशवीत सरकवली. "घरांतले शब्द झाले सगळे. पाहुण्यास काय म्हणतात, तेवढें बाईंस विचारावयाचें राहिलें."