हाळीचा मालक कोण?

फाट्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं की किस्से आपोआप जमतात. फुटलेली काच घेऊन आलेला माणूस ती कशी फुटली हे सांगितल्याशिवाय थोडाच राहतो! पण अलीकडे माझ्याकडे जमलेत ते सगळे एकाच गोष्टीचे, आमच्या ‘हाळी’चे. सांगताना हसू येतं, शेवटचा सोडून.

हाळी म्हणजे आमचं गावठी सोशल नेटवर्क. वारंगा फाट्याला माझ्या दुकानात एक जुना कॉम्प्युटर, म्हणजे आमचा ‘डबा’, आखाडा बाळापूरला प्रकाशच्या खताच्या दुकानात दुसरा, शिरड शहापूरला रिटायर्ड गुरुजींच्या घरी तिसरा. तिन्ही एकमेकांना जोडलेले, पण कारभार ज्याचा त्याचा. एकानं फोनवर बटण दाबून बोललं की सगळ्यांना ऐकू जायचं, रानातल्या मेंढपाळांनासुद्धा. मोठ्या ॲपला माणशी मोबाइल नंबर लागतो, आणि मेंढपाळांच्या अख्ख्या मुक्कामात फोन एकच! हाळीला नंबर लागत नव्हता, म्हणून ती त्यांची झाली. बाळापूरची एक विसराळू आजी बाजारातून वाट चुकली, तेव्हा मेंढपाळांनीच हाळी ऐकून तिला दिवस मावळायच्या आत घरी आणलं.

*

मग अशा नेटवर्कसाठी सरकारचे नवे नियम आले आणि नियमांमागून तालुक्याचे साहेब. दुकानात शिरताच पहिला प्रश्न, “या नेटवर्कचा मालक कोण?”

“डबा माझा हाय साहेब. नेटवर्कला मालक न्हाई.”

“असं कसं? मग नोटीस कुणाला देऊ?”

शेवटी मलाच दिली. समोर मीच होतो ना!

*

नियमानं तक्रार अधिकारी हवा. आम्ही खंडूमामांना नेमलं. सगळ्या मेंढपाळांत वडीलधारे, शब्दाला वजन. पहिलीच तक्रार आली, “मामाच्या मेंढ्यायनं माझा हरभरा खाल्ला!” मामांनी स्वतःविरुद्धच निकाल दिला, “बराबर हाय. तुझ्या वावरात रातभर मेंढ्या फुकट बसवतो, खत होईल.”

तक्रारदार खूश! साहेब मात्र नाराज. “अधिकाऱ्याच्या ऑफिसचा पत्ता द्या,” म्हणाले.

मामा म्हणाले, “आज हितं. उद्याचं मेंढ्यायला इचारा.”

*

गायरानात सरकारी माणसांनी मेंढ्या अडवल्याची एक हाळी साहेबांना खटकली. काढा म्हणाले, मी काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा साहेबांची जीप दारात. “बाळापूरला अजून ऐकू येतेय!”

“तिथलं बटण प्रकाशकडं हाय, साहेब.”

प्रकाशनं काढली, तर शिरडला ऐकू येत राहिली. साहेब भडकले, “तुम्ही तिघं माझी थट्टा करताय!”

त्या संध्याकाळी गुरुजींचा फोन आला. “पेन्शनीवर घर चालून राहिलं रे बाबा. मी वायर काढली.” पाठोपाठ प्रकाशनंही काढली, त्याला दुकानाच्या लायसनची भीती. दोघांवरही मला रागावता येईना.

*

उरला माझा डबा. त्यासाठी हुकूम आला, बोलणाऱ्या प्रत्येकाची ओळख आणि प्रत्येकाचा नंबर.

मामा म्हणाले, “एका फोनात आमी समदे बोलतो. नाव कोनाचं टाकू?”

“एकाचंच,” साहेब म्हणाले.

“मंग बाकीच्यायनं काहून मुकं ऱ्हावं?”

साहेबांनी घड्याळ बघितलं. मामांनी माझ्यासमोरच फोनातून हाळी काढून टाकली. मीही डबा बंद केला. फार वाईट वाटलं.

*

परवा दिवस मावळताना जीप पुन्हा थांबली. साहेब एकटेच, पायात घरच्या चपला. त्यांचे वडील विसराळू. नांदेडला जाताना फाट्यावर पाणी प्यायला बसमधून उतरले, ते परत चढलेच नाहीत.

“पोलिसांना सांगितलंय. पण रानात कोण बघणार? एकदाच चालू करा. मी सांगतोय ना!”

मी डबा चालू केला. साहेबांनी स्वतः बटण दाबलं. “पांढरा सदरा, हातात काळी पिशवी. बाबा...”

बाळापूर गप्प. शिरड गप्प. मामांचा फोन लागेना. स्क्रीनवर आमचीच एकटी हाळी.

साहेब बटण दाबतच राहिले. बाहेर दिसेनासं झालं होतं. मग त्यांनी माझा दंड धरला.

“याचा मालक कोण आहे? मला त्याच्याशी बोलू द्या!”