कोऱ्या पानावरच्या सह्या

आमचा सक्करदऱ्याचा फुटबॉल क्लब जिंकायचा कमी आणि भांडायचा जास्त. तरी दर रविवारी सकाळी आम्ही पंधरा-वीस जण मैदानाच्या पायऱ्यांवर हजर. माझे काका तर त्याही आधी. तरुणपणी ते क्लबचे गोलकीपर होते. गुडघा गेला तेव्हापासून मैदानावर चुन्याच्या रेषा मारायचे, कोणी न सांगता. काकू गेल्यावर तर ते घरी फक्त जेवायला आणि झोपायला यायचे.

यंदा क्लबचे अध्यक्ष वारले आणि बातमी आली, धरमपेठेतला एक बिल्डर क्लब घेतोय. नाव बदलणार, जर्सी बदलणार, टीम शहराबाहेर, हुडकेश्वरच्या पुढे नव्या टर्फवर खेळणार. झालं! पायऱ्यांवर दोन पार्ट्या पडल्या.

"घेऊ द्या ना गा, पोरायले बूट तरी भेटतीन," एक म्हणाला.

"अन् आपल्याले काय भेटन? घंटा?" दुसरा उसळला.

तीन रविवार नुसता कल्ला. शेवटी ठरलं, क्लब द्यायचा नाही आणि काकांना अध्यक्ष करायचं. काका चुन्याची बादली धरून लाजले. "मले? मोठ्या लोकायसमोर मी काय बोलू गा?" पण घरी आल्यावर कपाटातून पांढरा शर्ट काढला आणि मला म्हणाले, "जरा इस्त्री करून दे."

तो शर्ट घालून ते आमच्यासोबत हा निर्णय सांगायला क्लबच्या सेक्रेटरीच्या घरी आले. सेक्रेटरीने शांतपणे रजिस्टर काढलं. "तुम्ही काहून भांडून राहिले? क्लब देऊन झाला. मागच्या वार्षिक सभेतच ठराव मंजूर, सर्वानुमते."

"कोणी केला मंजूर?" मी ओरडलो.

त्याने पान माझ्यापुढे सरकवलं. खाली पहिलीच सही माझी.

आमच्या वार्षिक सभेची रीत सांगायचीही लाज वाटते. सभा म्हणजे झणझणीत रश्शाचा तर्री-पोहा. तो निवू नये म्हणून आम्ही आधीच कोऱ्या पानावर सह्या ठोकायचो, वरचा मजकूर सेक्रेटरी मागाहून सवडीने लिहायचा. वर्षानुवर्षं हेच. सही केली की प्लेट हातात. भूक माझी मोठी, म्हणून पहिला नंबर माझा. सेक्रेटरीला मी तोंडात येतील त्या शिव्या दिल्या. वकिलाकडेही गेलो. त्याने एवढंच विचारलं, "सह्या तुमच्याच आहेत ना?"

पण ते नंतर. त्या दिवशी सेक्रेटरीच्या घरी काकांनी एकेका सहीवर बोट ठेवत अख्खं पान पाहिलं. "माझी सही नाही याच्यात," ते म्हणाले. कशी असणार? आम्ही खात होतो तेव्हा ते रेषा मारत होते.

टीम हुडकेश्वरला गेली. पायऱ्यांवरची माणसंही यायची बंद झाली. पुढच्या रविवारी मी मैदानावर गेलो, तर रिकाम्या मैदानात काका वाकून पेनल्टीची रेषा मारत होते. गुडघा दुखत होता, दर चार पावलांवर थांबत होते.

मी बादली धरायला गेलो. "काका, आता कोणासाठी मारून राहिले? चला घरी."

त्यांनी बादली माझ्या हातातून सोडवून घेतली. वर पाहिलंही नाही.

"तू जाय," ते म्हणाले. "तुये पोहे निवतीन."