अण्णांच्या श्वासातली शिट्टी

कंपनीची बस होसकोटेच्या अलीकडे गर्दीत अडकली होती, तेव्हा अण्णांच्या बायकोचा, कमलाक्कांचा, फोन आला. "अण्णा गेले गं, पहाटे," एवढंच त्या म्हणाल्या. मी नुसतं "हो" म्हटलं आणि फोन हातात धरून बसून राहिले. मागच्या सीटवर कुणीतरी मोबाइलवर क्रिकेट बघत होतं. मला रडू आलं नाही. आधी भीती वाटली. मी एक खोल श्वास घेतला आणि छातीत कुठे काही अडतंय का ते पाहिलं... सहा आठवडे झाले, पण त्या क्षणाची लाज अजून गेलेली नाही. माणूस गेल्याची बातमी ऐकून मी आधी स्वतःचा श्वास तपासला.

वसंतअण्णा आमचे फोरमन. आमच्या कारखान्यात यंत्रांच्या जाडजूड दांड्यांवर क्रोमचा मुलामा चढवतात, आणि शेजारच्या शेडमध्ये क्रोमियम दळून त्याची बारीक पूड करतात. मी नागपूरची, सर्जापूर रोडवर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी. अण्णा मल्लेश्वरमचे. त्यांच्या घराण्याला बंगळूरमध्ये किती पिढ्या झाल्या, हे त्यांनाही नक्की सांगता यायचं नाही. त्यांचं मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू यायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातमोज्यावर एक खडा ठेवला. चांदीसारखा, पण किंचित निळसर झाक असलेला. काचेच्या तुकड्यावर ओढायला लावला, तर काचेवर सरळ ओरखडा उठला. "हे क्रोमियम," ते म्हणाले. "गंजत नाही. असा खडा असताना याला स्वल्पही भिऊ नको. याची पूड झाली की भी. आणि त्या टाकीत नारिंगी पाणी दिसतंय ना, त्यात पण हेच आहे. पण तिथं याचा स्वभाव बदललेला असतो. तिथं फार भी." मी मान डोलावली. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात हे सगळं वाचलं होतं, त्यामुळे मला ते माहीत आहे असं मला वाटत होतं.

दोन वर्षांनी, दुपारच्या चहानंतर, पूड होते त्या शेडमध्ये मला एका पिंपात लाल ठिपका दिसला. धूळ गोळा होऊन ज्या पिंपात पडते, त्यात मधोमध, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. धूर जवळजवळ नव्हताच. मी भिंतीवरचा आग विझवायचा सिलिंडर उचलला आणि पिंपाकडे वळले. मागून अण्णांचा आवाज आला, अगदी हळू. "ते खाली ठेव. आपटू नको. नुसतं ठेव." मी ठेवलं. ते त्याच आवाजात बाकीच्यांना म्हणाले, "सगळे बाहेर. पळू नका, चाला. कुणी पंखा लावू नका, पाणी आणू नका." मग त्यांनी झाकणाच्या डब्यातली कोरडी वाळू घेतली आणि लांब दांड्याच्या फावडीनं पिंपाच्या कडेनं, रांगोळी घालावी तशी, अलगद सोडायला सुरुवात केली. मला त्यांनी डब्याचं झाकण धरून उभं केलं होतं. भिंतीवरच्या देवाच्या फोटोच्या चौकटीवर, तुळयांवर, माझ्या बुटांवर सगळीकडे राखाडी पूड होती, आणि ती मला पहिल्यांदाच दिसत होती. माझ्या सिलिंडरच्या झोतानं पिंपातली पूड वर उडाली असती, हवेतच पेटली असती, आणि तुळयांवरची खाली आली असती. मग शेडही राहिली नसती आणि आम्हीही. हे त्यांनी नंतर सांगितलं. त्या वेळी फक्त वाळू पडण्याचा आवाज होता, आणि आणखी एक आवाज... बारीक, शिट्टीसारखा, थांबून थांबून येणारा. मला वाटलं, पिंपातून येतोय. ठिपका दिसेनासा झाला तरी ते बराच वेळ वाळू टाकत राहिले.

बाहेर येऊन आम्ही पायरीवर बसलो. त्यांनी मास्क काढला, आणि मला कळलं की ती शिट्टी त्यांच्या श्वासाची होती. "तुम्हाला भीती नाही वाटली?" मी विचारलं. "वाटली की," ते म्हणाले. मग मी शिट्टीबद्दल विचारलं.

विशी-बाविशीत ते एका लहानशा मुलाम्याच्या वर्कशॉपमध्ये लागले होते. टाकीवर ना झाकण, ना वाफ ओढून घेणारा पंखा. वीज सोडली की टाकीत बुडबुडे यायचे आणि त्यांचे बारीक तुषार हवेत तरंगायचे. भिंती पिवळ्या पडल्या होत्या. नाकातून रक्त येणं ही तिथं सगळ्यांची नेहमीची गोष्ट. पुढे रक्त थांबलं, दुखायचंही थांबलं, म्हणून ते खूश झाले. एकदा सर्दीसाठी डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी एका नाकपुडीत बॅटरी धरली, तर उजेड दुसरीतून दिसला. मधला पडदा खाल्ला गेला होता. "दुखलं असतं तर आधी कळलं असतं," अण्णा म्हणाले. "दुखलंच नाही गं..."

त्यानंतर मुलाम्याच्या टाकीजवळून जाताना मी नकळत श्वास रोखायला लागले. मागच्या वर्षी एका सकाळी माझ्या रुमालावर रक्ताचा ठिपका आला. मी नवऱ्याला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. अण्णांना सांगितलं. ते तसेच उठले, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रिक्षा करून मला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. आत डॉक्टरांनी दिवा लावला तेव्हा मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. पडदा शाबूत होता, फक्त कोरडा पडून सोलवटला होता. बाहेर आले तर अण्णा भिंतीला डोकं टेकून बसले होते. मी सांगितल्यावर कानडीत "सरी", म्हणजे ठीक, एवढंच म्हणाले आणि खोकायला लागले. खूप वेळ खोकले. मी पाणी दिलं. मला तो साध्या सर्दीचा खोकला वाटला. दारापलीकडेच डॉक्टर होते, अण्णांना आत पाठवायला दहा मिनिटं लागली नसती. मला ते सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ते मॅनेजरसमोर उभे राहिले. टाकीवरचा पंखा वाफ पुरती ओढत नाही, तो दुरुस्त होईपर्यंत लाइन चालणार नाही, असं सांगून त्यांनी स्वतः स्विच खाली केला. मॅनेजर म्हणाले, "अण्णा, ऑर्डर आहे." अण्णा म्हणाले, "मुली आहेत तिथं." चार दिवस लाइन बंद राहिली. त्यानंतर पाचव्या महिन्यात त्यांच्याच छातीत गाठ निघाली. त्यांनी आयुष्यात सिगरेट ओढली नव्हती. डॉक्टरांनी कामाबद्दल बरंच विचारलं, लिहून घेतलं, आणि नक्की कशामुळे ते सांगता येत नाही म्हणाले. ते "सांगता येत नाही" मला अजून झोपू देत नाही. मी अजून तिथंच काम करते. मास्क घालते, दर सहा महिन्यांनी तपासून घेते, आणि रिपोर्टचं पाकीट एकटी असतानाच उघडते.

मागच्या रविवारी मल्लेश्वरमला कमलाक्कांकडे गेले. त्या मला परसात घेऊन गेल्या. तिथं पत्र्याची एक छोटी न्हाणी आहे, बाजूच्या बोळातून वेगळं दार असलेली. "लग्न झाल्यापासून बघतेय," त्या म्हणाल्या. "कामावरून कधी पुढच्या दारानं आले नाहीत. इथं अंघोळ, इथंच कपडे भिजवायचे, मग घरात. आमची लेक लहान असताना धावत यायची, तर ओरडायचे, लांब राहा म्हणून. ती मला विचारायची, मी बाबांना आवडत नाही का?" खिळ्याला धुतलेली लुंगी टांगली होती. कोनाड्यात नखं घासायचा ब्रश होता, त्याचे केस पार बसलेले. मला त्याला हात लावायचा धीर झाला नाही. खाली बादली काठोकाठ भरलेली होती.

"आता कशाला भरता?" मी विचारलं.

"पाच वाजले, त्यांची यायची वेळ झाली, की हातच नळाकडे जातो," त्या म्हणाल्या.

पाच वाजायलाच आले होते. त्यांनी कालचं पाणी पेरूच्या झाडाला घातलं, बादली विसळली आणि नळ सोडला.