लाटा येणार म्हणून थांबलेले जावई

जावई आले ते चार दिवसांसाठी. मुलीनेच फोनवर सांगितलं होतं, "आई, माझी सुट्टी काही मंजूर झाली नाही, पण ह्याला तुमच्या समुद्रात खेळायचंय. चार दिवस ठेवून घेशील ना?" जावयाला नाही कोण म्हणतं? मी कोळणीला सुरमई सांगून ठेवली, वरची खोली झाडून घेतली आणि फाटकात उभी राहिले. गाडी आली तर टपावर माणसापेक्षा लांब फळी बांधलेली. क्षणभर वाटलं, पुण्याहून दार घेऊन आलेत की काय.

आमचे जावई विदर्भातले. समुद्र त्यांनी पाहिला तोच मुळी कॉलेजात गेल्यावर. दोन-तीन वर्षांपूर्वी गोकर्णाच्या बाजूला कुठेतरी सुट्टीवर गेले आणि फळीवर उभं राहून लाटेबरोबर घसरत यायची विद्या शिकून आले. तेव्हापासून डोक्यात तेच. नोकरीचं काम लॅपटॉपवर कुठूनही करता येतं, त्यामुळे अडवणारं कुणी नाही.

आमचं घर श्रीवर्धनला. मागचं दार उघडलं की सुपारीची वाडी, पुढे सुरूची झाडं आणि त्यापलीकडे किनारा. दुसऱ्या दिवशी सकाळी जावई फळी डोक्यावर घेऊन गेले आणि मी चहा गाळेपर्यंत परतही आले.

"आई, लाटाच नाहीत."

"मग नुसतं पोहून या."

"नाही, पण पुढच्या आठवड्यात येतायत." त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यावर निळे, हिरवे, जांभळे पट्टे होते. "ही बघा, पार दक्षिणेकडून, आफ्रिकेच्याही खालून लाटांची रांग निघालीय. हिला स्वेल म्हणतात. आणि पिरियडही चांगला आहे."

मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं. माझ्या लेखी पिरियड म्हणजे गणिताचा नाहीतर परिसर अभ्यासाचा. त्यांनी समजावलं की दोन लाटांच्या मधला वेळ म्हणजे पिरियड. मी बरं म्हटलं आणि पोहे परतायला गेले.

खुर्चीत बसून आमचे हे सगळं ऐकत होते. हे एस.टी.च्या आगारात वाहतूक नियंत्रक होते. आदल्या वर्षी बायपास झाली आणि तेव्हापासून घरात त्यांचा आवाज म्हणून ऐकू येत नव्हता. पेपर, गोळ्या, जेवण, झोप. काही विचारलं तर "हूं." त्या सकाळी मात्र पाठ सरळ करून त्यांनी विचारलं, "निघाली कधी? आणि पोचायची वेळ काय दाखवतायत?"

तिथूनच सगळं सुरू झालं.

दोघं रोज उजाडताच किनाऱ्यावर जायला लागले. जावई मोबाइल बघायचे, हे समुद्र बघायचे, आणि दोघं घरी येऊन मला बातम्या द्यायचे. सोमवारी येणारी लाट गुरुवारवर गेली. गुरुवारची रविवारवर. मग ती लाट ओमानकडे वळली असं कळलं. एकदा लाट आली म्हणून दोघं धावत गेले, तर वारा उलटा होता. उलट्या वाऱ्यात म्हणे लाट फुटते पण कामाची नसते. हे कपाळाला हात लावून म्हणाले, "आमच्या खटारा गाड्यासुद्धा एवढ्या लेट नव्हत्या. आणि निघाल्यावर एकही कधी ओमानला गेली नाही."

चार दिवसांचे तीन आठवडे झाले. सुरमई झाली, पापलेट झालं, कोलंबी झाली, मांदेली झाली, मग मी अंड्यांवर आले आणि शेवटी डाळ-भातावर. जावई बिचारे डाळ-भातही "वा, आई!" म्हणून खात. कुरकूर करणारा जावई परवडला, त्याच्यावर निदान रागावता येतं. कोळीण फाटकाशी पाटी उतरवून रोज विचारायची, "जावाय हाय का गेला?" मी म्हणायची, "हाय." ती मान हलवून म्हणायची, "ऱ्हाव दे, लेकीचा नवरा हाय." तिच्या त्या समजुतीच्या सुरानेच माझं डोकं फिरायचं.

त्यात आगोटीची कामं अंगावर. पाऊस लागायच्या आत कोकमं वाळवायची, मिरच्या वाळवायच्या, आंबापोळी घालायची, सरपण आत घ्यायचं. माझं सगळं घोडं उन्हावर अडलेलं. एकदा सकाळी आकाश जरा करडं दिसलं म्हणून मी ताटं घेऊन अंगणात घुटमळत होते. जावयांनी लगेच मोबाइल काढला.

"आई, बिनधास्त घाला. आज पाऊस शून्य टक्के."

"नक्की? तिकडे मुरुडच्या बाजूला काळं दिसतंय."

"शून्य म्हणजे शून्य, आई."

मी आंब्याचा रस ताटांतून पसरला आणि बाजारात गेले. अर्ध्या वाटेवर असताना जी सर आली ती मी परत घरी पोचेपर्यंत पडतच होती. ताटांमध्ये पिवळं पाणी, त्यावर सुपारीचा पाला. आणि ओट्यावर हे आणि जावई हेडफोनची एकेक वायर कानात घालून लाटांचा कसलासा व्हिडिओ बघत बसलेले.

"अहो, ताटं आत घ्यायचं सुचलं नाही का कुणाला?"

जावई ताडकन उठले. मोबाइल बघून पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "आई, आता शंभर टक्के दाखवतोय."

तोंड उघडलं असतं तर जावई आहेत हे विसरले असते.

पण माझा खरा राग वेगळाच होता. ह्यांना ऑपरेशनला आत नेलं तेव्हा बाहेर बाकावर बसून मी पालीच्या बल्लाळेश्वराला बोलले होते, की हे धडपणे घरी आले तर दर्शनाला येईन. वर्ष होत आलं तरी जाणं झालं नव्हतं. एस.टी.ने एवढा प्रवास ह्यांना झेपेल की नाही अशी धास्ती. जावयांची गाडी दारात उभी राहिल्यावर म्हटलं, आता सोय झाली. जावईही एका पायावर तयार. पण दिवस ठरला की त्या दिवशी नेमकी लाट यायची. "आई, मंगळवार सोडून कुठलाही." मंगळवारी काही यायचं नाही. मग शुक्रवार ठरायचा, की लाट शुक्रवारवर. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी ह्यांच्याकडे बघितलं. निदान ह्यांनी तरी म्हणावं की आधी पाली. हे म्हणाले, "थांबू की अजून दोन दिवस. गणपती कुठे जातोय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरला, नारळ पिशवीत टाकला आणि एकटी स्टँडवर गेले. कुणाला विचारलं नाही, थांबलेही नाही. माणगावला गाडी बदलली, हायवेच्या कामाची धूळ खाल्ली, वाकण फाट्यावरून पालीला पोचले. दर्शन शांतपणे झालं. गाभाऱ्यासमोर उभी राहून मी देवाला म्हटलं, ज्यांच्यासाठी बोलले होते ते समुद्राची वाट बघत बसलेत, माझ्यावरच भागवून घे. सांगायला हरकत नाही, बाहेर पायरीवर बसून एकटीने डबा खाल्ला तेव्हा मला फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांत कुणी मला लाटेबद्दल काही सांगितलं नव्हतं.

परतताना म्हसळा सोडलं आणि फोन वाजला. आमच्या शेजारच्या भाभींचा. त्यांचे यजमान कुवेतला असतात, आणि एकमेकींच्या घरावर लक्ष ठेवायचं हा आमचा जुना रिवाज.

"वहिनी, घाबरू नका हां," भाभी म्हणाल्या. "भाई दर्यात आहेत."

"दर्यात म्हणजे?"

"पाण्यात. लाटा मोठ्या आल्यायत आज. सगळा मोहल्ला बघायला आलाय. मी म्हटलं, तुम्हाला सांगावं–"

आणि रेंज गेली. त्या रस्त्याला वळणावळणावर रेंज जाते हे मला माहीत आहे, तरी मी फोन कानाला लावून हॅलो हॅलो करत राहिले. बायपास झालेला माणूस. पाण्यात. सगळा मोहल्ला बघायला. समोरच्या बाईने मला पाण्याची बाटली दिली. मी सगळ्यांना शिव्या दिल्या, मनातल्या मनात: जावयांना, त्या मोबाइलला, आफ्रिकेच्या खालच्या समुद्राला. मग रडू यायला लागलं तेव्हा त्या परत घेतल्या, आणि माझ्यावरच उलटवल्या. कशाला गेलीस एकटी? दोन दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?

स्टँडवरून रिक्षा केली ती थेट किनाऱ्यावर. हातात प्रसादाची पिशवी, केस विस्कटलेले. सुरूच्या झाडांतून बाहेर आले तर खरंच माणसं गोळा झालेली. मी माणसं बाजूला सारत पुढे गेले.

भरती लागली होती. लांब लाटा फुटत होत्या आणि त्यांचा फेस घसरत काठापर्यंत येत होता. त्या फेसात, गुडघाभर पाण्यात, जावई फळी धरून उभे होते. फळीवर पालथा पडलेला एक माणूस होता. नारिंगी लाइफ जॅकेट आणि जावयांची फुलाफुलांची अर्धी चड्डी. जावई ओरडले, "बाबा, आता!" आणि त्यांनी फळी सोडली. फेसाने ती उचलली. हे दोन्ही हातांनी कडा घट्ट पकडून, मान वर करून, दात विचकत सरळ माझ्याकडे येत होते. फळी वाळूला लागली आणि माझ्या पायांपासून हातभर अंतरावर थांबली.

ह्यांनी डोळ्यांतलं पाणी पुसलं. मला पाहिलं.

"अगं, लवकर आलीस?" हे म्हणाले.

लोक हसले. भाभी तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. मी प्रसादाची पिशवी भाभींकडे दिली आणि तिथेच, सगळ्यांदेखत, ओरडायला सुरुवात केली. काय काय बोलले ते मला आठवत नाही. भाभी सांगतात की मी जावयांना एकेरी हाक मारली, आणि तीही वर्गात मुलाला उभं करतात तशी. जावई कमरेपर्यंत ओले, हात पाठीमागे बांधून उभे होते. "आई, मी एक सेकंदही खोल पाण्यात नेलं नाही," एवढंच हळू आवाजात म्हणाले.

"नेऊन दाखवायचं होतंस!" मी म्हटलं.

हे मात्र वाळूत बसून राहिले. धाप लागली होती, पण चेहरा वेगळाच झाला होता. "ऐक ना," हे म्हणाले. "ती मागून येते ना, तेव्हा आधी आवाज येतो. मग खालून उचलतेच. आपल्याला काही करावंच लागत नाही." ऑपरेशन झाल्यापासून एका दमात इतकं हे कधी बोलले नव्हते. मला ते ऐकायचं नव्हतं. मी त्यांचा दंड धरून त्यांना घरी आणलं, डोक्यावर गरम पाणी ओतलं, कानांतली वाळू काढली. पूर्ण वेळ हे बोलत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्तदाब बघितला आणि सगळं ठीक आहे म्हणाले. पण असलं काही करायच्या आधी मला विचारत जा, असं बजावलंही. मला जरा धीर आला. तेवढ्यात त्यांनी ह्यांना विचारलं, "आता परत लाटा कधी आहेत म्हणे? माझा मुलगा विचारत होता."

शनिवारी मुलगी आली. तिने नवऱ्याला काय सुनावलं ते वरच्या खोलीत, दार लावून सुनावलं. खाली फक्त सूर ऐकू येत होता आणि तो मला माझाच वाटला. रविवारी जेवण झाल्यावर ती त्यांना घेऊन निघाली. जावई माझ्या पाया पडले. "आई, तुमची आंबापोळी माझ्यामुळे वाया गेली," म्हणाले. मी आधीच कोकमांचा डबा भरून ठेवला होता, तो हातात दिला. "पुढच्या वेळी बायकोला घेऊन या," म्हटलं. फळी त्यांनी टपावर बांधली. "आता पावसात तिकडे नुसती पडून राहील," असं स्वतःशीच म्हणाले आणि ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कुणाकडेच बघितलं नाही, म्हणून फळी पुण्याला गेली.

पाऊस लागला. समुद्र मातकट झाला, होड्या वर ओढल्या गेल्या, कुणी पाण्यात उतरू नये म्हणून किनाऱ्यावर दोर बांधला. मला वाटलं, आता घर पूर्ववत होईल. पण जाण्याआधी जावयांनी ह्यांच्या मोबाइलवर ते निळ्या-जांभळ्या पट्ट्यांचं प्रकरण टाकून दिलं होतं. आता हे जेवताना सांगतात, बुधवारी वारा वाढणार, शनिवारी लाट उतरणार. मी भाकरी थापत असते, मला कुठल्याच वाराचं काही घेणं नसतं. परवा तर मी भडकलेच. "अहो, समुद्र मागच्या दारी आहे. बघायचा असेल तर जाऊन बघा ना!"

"एकट्याने नको म्हणाले डॉक्टर," हे म्हणाले.

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. मी तवा उतरवला आणि दोघांना पुरेल अशी मोठी छत्री शोधायला लागले, आणि नेहमीप्रमाणेच ती जागेवर नव्हती.