साइड दे रे राजा

परळच्या नाक्यावर अँब्युलन्सच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलेला माणूस तुम्ही पाहिला असेल, तर ते आमचे मामा. एक हात स्टिअरिंगवर, बाकीचे मामा रस्त्यावर.

"साइड दे रे राजा! लग्नाला चाललायस काय?"

गाडीला सायरन होता, पण तो शोभेपुरता. मामा लालबागला ओरडले की शिवाजी पार्कात नेटमधला बॅट्समन क्रीज सोडून बाजूला व्हायचा. खोटं वाटत असेल तर त्या बॅट्समनला विचारा.

मी मागे पेशंटपाशी बसायचो. मामा प्रत्येकाशी नातं जोडून भांडायचे. बसवाला 'मास्तर', स्कूटीवाली 'ताई'. समोरचाही सोडायचा नाही. "जागा कुठाय, डोक्यावर घेऊ?" "घे, पण सरक!" एवढं झालं की दोघांचं समाधान व्हायचं आणि रस्ता मोकळा.

मग हॉस्पिटलात तो व्हीआरचा चष्मा आला. डोळ्यांवर चढवला की समोर खोटा रस्ता, खोटं ट्रॅफिक, मागे खोटा पेशंट कण्हतोय. ताणात डोकं थंड ठेवायचं ट्रेनिंग. मनगटाला पट्टा, नाडी लाल रेघेवर गेली की नापास. तीन संधी. नापास ड्रायव्हरला गाडी नाही, स्ट्रेचरच्या गोदामाची किल्ली.

मामांचा चेहरा उतरला. "गोदामात कुणावर ओरडू रे? स्ट्रेचरवर?"

पहिल्या दिवशी मामांनी चष्मा घातला आणि सवयीने खिडकीबाहेर मान काढली. खिडकी चष्म्यात, मामा स्टुलावर. स्टूल एकीकडे गेलं, मामा दुसरीकडे.

दुसऱ्या खेपेला ट्रेनिंगवाल्या मॅडमनी त्यांना चांगली हातांची खुर्ची दिली. मामा ओरडले, "सरक रे राजा!" खोटी टॅक्सी ढिम्म. उलट बोलेना, वळून बघेना. नाडी अशी चढली की पट्टा ओरडून ओरडून स्वतःच बंद पडला.

"मेल्यांका तोंड नाय काय?" मामा घाम पुसत म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "मॅडम, चष्मा लावून ओरडायला बंदी आहे?"

"नियमात तसं काही नाही."

"आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायला?"

मॅडम हसल्या.

शेवटच्या खेपेला सगळं कँटीन खुर्चीभोवती गोळा झालं. मामा गरजले, "मास्तर, बस काढा!" मी म्हणालो, "कुठे काढू, झाडावर?" वॉर्डबॉय ओरडला, "आधी चष्म्याचा नंबर काढ, म्हाताऱ्या!" मामांचे खांदे सैल पडले. आणि काय सांगू, मॅडम लॅपटॉप सोडून उठल्या. "ओ काका, हॉर्न काय मारताय? माझी स्कूटी बंद पडलीय!"

"ढकल ताई, मी आहे मागे!"

खोटं ट्रॅफिक त्याच्या वेळेलाच सुटलं. नाडी मात्र देवळात बसल्यासारखी. मामा पास! रिटायर होईस्तोवर त्यांच्या हातची गाडी कुणी काढली नाही.

आता मामा देवगडकडे, गावाला असतात. रस्त्यावर दोन म्हशी आणि शांतता. परवा त्यांचा फोन आला. "प्रेशर वाढलाहा रे. डॉक्टर म्हणता, शांत जागेत ऱ्हवा. हय म्हशी पण मुकाट बाजूक होतत. जीव घाबरता."

तेव्हा आम्ही रिकामी गाडी घेऊन परतत होतो. लालबागला गच्च अडकलेलो. नवा ड्रायव्हर ट्रेनिंगमध्ये शिकवल्याप्रमाणे डोळे अर्धे मिटून श्वास मोजत होता. "मामा, लालबागला अडकलोय, होऊन जाऊ दे," म्हणत मी स्पीकर लावला आणि फोन खिडकीबाहेर धरला.

"साइड दे रे राजा! लग्नाला चाललायस काय?"

शेजारच्या टॅक्सीवाल्याने इकडेतिकडे बघितलं, माणूस दिसेना, तरी फोनकडे बघून हात नाचवला. "किधर जाऊँ, सर पे चढूँ क्या?"

देवगडहून एक लांब, सुखाचा सुस्कारा ऐकू आला.

आणि शपथ सांगतो, टॅक्सी सरकली.